निळा बहुरूपी

लंडनमध्ये मी भाड्याचं घर शोधत होते तेव्हाची गोष्ट. घर दाखवायला आलेला तरुण एजंट माझ्यापुढे जिना चढत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला किल्ली लावता लावता त्यानं मान वळवून सांगितलं, "बाहेरून दिसतंय त्यावर जाऊ नका हं. हे घर म्हणजे अगदी टार्डिस आहे."

मला हा शब्द ठाऊक नव्हता. टॉन्सिल्स, टायफॉइड यांच्या पंगतीतला वाटला. तिथल्या जुन्या घरांना ओल धरते, भिंतींवर बुरशी चढते, एवढं ऐकून होते. या घरालाही तसलंच काही दुखणं असणार आणि हा भला मुलगा ते लपवत नाहीये, असं समजून मी विचारलं, "मग त्यावर उपाय काय?" तो किल्ली हातात धरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला आणि घर दाखवायला लागला. दाखवायला फारसं काही नव्हतं. पलंग एकाच वेळी तीन भिंतींना टेकला होता. कपाट उघडायचं तर आधी स्वयंपाकघराचं दार लावावं लागे. बाहेरून जेवढं वाटत होतं, आतून त्याहून कमीच निघालं. तरी घेतलं. ऑफिस जवळ होतं आणि बाकीची घरं याहून महाग होती.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. सत्तरीला टेकलेल्या, एकट्या, गुडघे दुखत असूनही बागेत राबणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं, तेव्हा मी टार्डिसचा विषय काढला. एखाद्या पुणेकराला कुणी 'पर्वती म्हणजे काय हो?' असं विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "शनिवारी चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तुमची ओळखच करून देते."

अर्ल्स कोर्टच्या भुयारी रेल्वे स्टेशनातून मुख्य रस्त्याच्या बाजूला बाहेर पडलं, की फुटपाथवर तो उभा असतो. गर्द निळा, चौकोनी, माणसाहून बराच उंच. दारांवर चौकटी, वर लहान लहान काचांच्या खिडक्या, त्यांच्यावर काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत 'पोलीस पब्लिक कॉल बॉक्स', पायऱ्यांसारखं चढत गेलेलं छप्पर आणि डोक्यावर दिवा. आपल्या नाक्यावरच्या बीट चौकीला कुणी कोट-टाय घालून उभं केलं तर दिसेल तसा. आजी समोरच्या दुकानात कॉफी आणायला गेल्या तेवढ्या वेळात मी पाहत होते. एक जपानी कुटुंब आलं, एक जर्मन जोडपं आलं, मग दोन शाळकरी मुलं आली. प्रत्येकानं आधी फोटो काढला, मग इकडेतिकडे बघून दारावर टकटक केली आणि मग दार ढकलून पाहिलं. दार उघडलं नाही. उघडणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. तरी ढकललं.

मला त्या क्षणी आठवला तो आमच्या गावात सुगीनंतर येणारा बहुरूपी. खाकी डगला, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर टोपी, हातात दांडकं आणि खिशात खोटं वॉरंट. "चला, तुमच्यावर खटला आहे," म्हणत तो ओट्यावर चढायचा. पोरं आधी आईच्या पदराआड पळायची आणि मग हसत त्याच्या मागून गावभर हिंडायची. दुसऱ्या दिवशी तोच माणूस वेगळं सोंग घेऊन यायचा. समजा, त्याचा तो खाकी डगला एक दिवस अंगावरून निघेचना. समजा, त्यानं त्याच वेशात साठ वर्षं काढली. आणि समजा, दरम्यान गावातला खरा हवालदार निवृत्त झाला, त्याची चौकी पडली, आणि पोरांना पोलीस म्हटला की बहुरूपीच आठवायला लागला. अर्ल्स कोर्टच्या त्या निळ्या खोक्याची गोष्ट नेमकी ही आहे.

खऱ्या हवालदारापासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

पोलिसांच्या हातात वायरलेस नव्हता त्या काळची ही सोय. ग्लासगोत १८९१ मध्येच अशा चौक्या आल्या होत्या, पण त्या षटकोनी, बिडाच्या आणि लाल रंगाच्या. लंडनचा निळा हवालदार नंतरचा. पोलीस दलाचे सर्व्हेयर गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९ मध्ये त्याचा आराखडा काढला. सुरुवातीच्या काही चौक्या लाकडी होत्या. त्यांत थंडी वाजते, ओल येते अशी शिपायांची कुरकुर झाली आणि मग अंग काँक्रीटचं, दार तेवढं सागवानी, असा पक्का नमुना ठरला. १९५३ मध्ये एकट्या लंडनमध्ये अशा ६८५ चौक्या होत्या. आत एक स्टूल, एक लहान टेबल, नोंदवही, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं, विजेची छोटी शेगडी आणि झाडपूस करायला ब्रश आणि फडकं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढीच जागा. गस्तीवरचा शिपाई तिथे बसून अहवाल लिहायचा, डबा खायचा, आणि कधी कुणाला पकडलंच तर गाडी येईपर्यंत त्याला आत कोंडायचा. ठाण्यातून बोलावणं आलं की डोक्यावरचा दिवा उघडमीट करायचा आणि दूरवरचा शिपाई तो पाहून पळत यायचा.

टेलिफोन मात्र बाहेरच्या बाजूला, एका झडपेमागे असे. कुणीही ती झडप उघडून सरळ ठाण्याशी बोलावं, पैसे पडत नसत. झडपेवर तशी सूचना आणि शेवटी 'उघडण्यासाठी ओढा' असे शब्द. हे मुद्दाम सांगते, कारण याच शब्दांवरून पुढे एक विनोद जन्माला आला. मालिकेतला नायक आयुष्यभर दार ढकलून आत जातो, पाटीवर तर 'ओढा' लिहिलंय, याला साधं वाचता येत नाही का? तर येतं. पाटी दाराची नाहीच, ती टेलिफोनच्या झडपेची आहे. पण हे सांगणारा खरा हवालदार आता रस्त्यावर कुठे आहे?

आजी आठ वर्षांच्या असताना त्यांच्या शाळेच्या वाटेवर अशी एक चौकी होती. तिच्यासमोर आलं की त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. वडिलांनी सांगितलं होतं, भाजी टाकणाऱ्या मुलांना आत ठेवतात. "मी कोबी टाकायचे," त्या म्हणाल्या. भीती खरी होती. आणि नेमक्या त्याच वर्षी त्या चौकीत बहुरूपी शिरला.

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच. आदल्या दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती आणि सगळं जग त्याच बातमीपुढे बसलं होतं. त्या गडबडीत बीबीसीवर 'डॉक्टर हू' नावाची मुलांसाठीची नवी विज्ञानकथा मालिका सुरू झाली आणि बऱ्याच जणांनी ती पाहिलीच नाही. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. कल्पना अशी: एक तऱ्हेवाईक म्हातारा, नाव नुसतं 'डॉक्टर', काळ आणि अवकाश दोन्हींतून प्रवास करणारं यान घेऊन हिंडतो. त्याची नात शाळेत जाते. तिच्या दोन शिक्षकांना संशय येतो. ते तिच्या मागोमाग एका भंगारच्या आवारात शिरतात आणि तिथे, मोडक्या सामानात, पोलीस चौकी उभी.

ते यान म्हणजे टार्डिस. 'काळ, सापेक्ष परिमाणं, अवकाश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. यानाचा गुण असा, की जिथे उतरेल तिथल्या परिसराला शोभेल असं सोंग घ्यायचं: रोममध्ये खांब, जंगलात झाड. पण दर आठवड्याला नवं सोंग रंगवायला पैसे कुणाकडे होते? आपल्या नाटक कंपन्या एकाच सोफ्यावर पुण्याचा बंगलाही उभा करायच्या आणि कोल्हापूरचा वाडाही. बीबीसीची गत त्याहून फार निराळी नव्हती. म्हणून पटकथेतच ठरवून टाकलं, की यानाचं सोंग बदलायचं यंत्र लंडनमध्ये बिघडलं आणि आता ते पोलीस चौकीच्याच रूपात अडकलं. पैशांच्या अडचणीतून इतकं टिकाऊ पात्र जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

चौकीच का? लेखक अँथनी कोबर्न यांना फिरायला गेले असताना एक दिसली आणि सुचलं, असं सांगतात. मला त्यामागचा विचार आवडतो. त्या काळी लंडनमध्ये डोळ्यांना सर्वांत सवयीची, म्हणून सर्वांत न दिसणारी वस्तू हीच. आपल्याकडच्या एखाद्या कथेत अवकाशयान टपालपेटीच्या रूपात उतरलं असतं तर जसं वाटलं असतं, तसं.

हे सगळं उभं करणारी माणसंही त्या बीबीसीत जरा वेशांतर करून आल्यासारखीच होती. मालिकेचं बीज रुजवणारे सिडनी न्यूमन कॅनडातून आलेले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची, पुरुषांनी भरलेल्या खात्यात एकटी बाई. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, १९३८ साली लखनौला जन्मलेले, चित्रीकरणाच्या वेळी अवघे २४ वर्षांचे. त्यांची आई म्हणजे कादंबरीकार अतिया होसेन. लाइम ग्रोव्हच्या जुनाट स्टुडिओत पहिला भाग एकदा चित्रित झाला तेव्हा यानाची दारंच नीट बंद होईनात. भाग पुन्हा करावा लागला. जगाच्या प्रवासाला निघालेल्या यानाची पहिली अडचण काय, तर दार लागत नाही. या गृहस्थाचा स्वभाव तिथेच दिसला.

स्वभाव म्हणजे हट्टी, चुकार आणि मनानं चांगला. सुरुवातीच्या काळात डॉक्टर सांगेल तिकडे तो कधीच जात नसे. मुक्काम एक ठरवावा आणि उतरावं भलतीकडे. २०११ मध्ये लेखक नील गेमन यांनी एका भागात यानाचा आत्मा बाईच्या देहात घातला आणि तिच्याकडून या साऱ्याचा खुलासा करवून घेतला: तुला जायचं होतं तिथे मी तुला कधी नेलं नसेल, पण तुझी गरज होती तिथे नेलं. या अर्थानं ती बोलते. मी इथे 'तो' म्हणतेय ते आमच्या बहुरूप्यामुळे. मालिकेत ती बाई आहे आणि डॉक्टरशी तिचं नातं जुन्या जोडप्यासारखं, कुरबुरीचं आणि न तुटणारं.

त्याचा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. घर्रर्र, मग एक दमलेला उसासा, पुन्हा घर्रर्र. भरलेली लाल एसटी घाट चढताना दम खात शेवटच्या वळणाला लागते, तसा. तो बनवला बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसन यांनी. त्यांनी एका खोलून ठेवलेल्या जुन्या पियानोच्या जाड तारांवरून आईच्या घराची किल्ली खरडली, ते ध्वनिमुद्रित केलं आणि फितींवर मागेपुढे फिरवून, घुमवून त्यातून हा आवाज काढला. संगणक नव्हते. काळाचा पडदा फाटतो तो आईच्या घराच्या किल्लीनं. पुढे मालिकेतच एका पात्रानं डॉक्टरला टोमणा मारला, की हा आवाज यानाचा नाहीच, तू ब्रेक न काढता चालवतोस म्हणून येतो. घाटातले आपले ड्रायव्हर हा विनोद लगेच समजतील.

आता मुद्द्यावर येते: आतून मोठा. दार उघडून आत पाऊल टाकलं की भलंमोठं दालन, मधोमध सहा बाजूंचं यंत्राचं मेज, भिंतींवर गोल गोल खळगे, आणि पलीकडे न संपणाऱ्या खोल्या. डॉक्टरबरोबर फिरायला निघणारं प्रत्येक नवं पात्र आत पाऊल टाकतं, बाहेर येऊन यानाभोवती एक फेरी मारतं, पुन्हा आत जातं आणि म्हणतं, की हे आतून मोठं आहे. साठ वर्षं हेच चाललंय. नव्या सुनेनं उंबरा ओलांडताना उखाणा घ्यायचा, तसा तो विधी झालाय. उखाणा प्रत्येकीचा वेगळा, पण घ्यावा लागतोच. लेखकांची खरी कसोटी म्हणजे तेच वाक्य या वेळी कसं वेगळं म्हणायचं.

मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. यशोदेनं कृष्णाचं तोंड उघडलं आणि आत ब्रह्मांड दिसलं, ही गोष्ट आपण अंगाईइतक्या सहज ऐकलेली. द्रौपदीची थाळी, आजीचा बटवा ही सगळी आतून मोठीच मंडळी. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या एका खोलीत माझ्या आजोबांच्या कुटुंबातली नऊ माणसं राहायची, शिवाय गावाकडून आलेला एक पाहुणा कायमचा. तिला कुणी टार्डिस म्हटलं नाही, कारण ती आतून मोठी नव्हती. माणसंच लहान होऊन राहायची. पण लंडनच्या त्या एजंटाच्या शब्दानं मला जे कळलं ते असं, की इंग्रजांकडे ही कल्पना पुराणातून आली नाही, शनिवार संध्याकाळच्या दूरचित्रवाणीतून आली. म्हणून तिचा वापर रोजचा आहे. लहान गाडीत सहा बॅगा मावल्या तर टार्डिस. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात छत्रीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं मिळालं तर टार्डिस. आजींच्या पर्समध्ये गोळ्या, चष्मे, टॉर्च, सुई-दोरा, कात्री आणि एक केळं होतं. नातू तिला टार्डिस म्हणायचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात हा शब्द त्याच्या या अर्थासह आहे. मालिकेचं नावही न ऐकलेली माणसं तो वापरतात. भाषेत मुरलेल्या शब्दाचं याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

मालिकेतला दुसरा शब्दही असाच कोशात गेला, डॅलेक. पत्र्याचं, उलट्या बादलीसारखं, कर्कश आवाजाचं दुष्ट पात्र. निर्दय साहेबाला, हेकट अधिकाऱ्याला तिकडे डॅलेक म्हणतात. पण तो शब्द शिवीत अडकला. टार्डिसला मात्र घरोघरी प्रवेश मिळाला, आणि तोही कौतुकाचा. बाहेरून पोलीस असलेल्या वस्तूचं असं कौतुक विरळाच.

दरम्यान खरा हवालदार चालला होता. शिपायांच्या खांद्यावर वायरलेस आला आणि १९६९ पासून लंडनमधल्या चौक्या हलवायला सुरुवात झाली. त्याच सुमाराला, जानेवारी १९७० मध्ये, मालिका रंगीत झाली. म्हणजे बहुरूप्याचा निळा डगला लोकांना घरबसल्या दिसू लागला तेव्हाच रस्त्यावरचा निळा डगला उतरत होता. तोवर पडद्यावर तो करडाच होता. काही वर्षांनी आजींच्या शाळेच्या वाटेवरची चौकीही गेली. एक दिवस क्रेन आली, फुटपाथवर चौकोनी डाग राहिला, मग तोही बुजला. "मला कोबी आवडायला लागली तेव्हा तर चौकीच नव्हती," त्या म्हणाल्या.

आजींनी नातवाला डर्बीशरमधल्या क्रिचच्या ट्राम संग्रहालयात नेलं होतं. तिथे एक अस्सल पोलीस चौकी जपून ठेवली आहे. सात वर्षांचा तो मुलगा तिच्यापुढे उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आजी, डॉक्टरनं ही इथे विसरली का?" आजींनी समजावलं, की ही खरी आहे, पोलिसांची. नातू म्हणाला, "पोलिसांनी डॉक्टरची का घेतली?"

या प्रश्नावर खरंच खटला झाला. १९९६ मध्ये बीबीसीनं या निळ्या खोक्याच्या आकृतीवर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. लंडनच्या पोलीस दलानं हरकत घेतली: चौकी आमची, आराखडा आमच्या सर्व्हेयरचा, नावही आमचं. २००२ मध्ये निकाल लागला तो बीबीसीच्या बाजूनं. पोलिसांनी ही आकृती व्यापारचिन्ह म्हणून कधी नोंदवलीच नव्हती, आणि बीबीसी कित्येक वर्षं तिची खेळणी आणि वस्तू विकत असताना त्यांनी कधी तक्रारही केली नव्हती. वर ८५० पौंड आणि खटल्याचा खर्च पोलिसांनीच द्यावा असं ठरलं. खऱ्या हवालदारानं बहुरूप्याला पकडून उभं केलं आणि दंड हवालदाराला झाला. आमच्या गावच्या बहुरूप्याला ही गोष्ट सांगितली असती, तर त्यानं पुढच्या वर्षी ती सोंगात घातली असती.

इथे मला अभिनेते निळू फुले यांची आठवण येते. राष्ट्र सेवा दलात वाढलेला साधा माणूस, पण पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाचा लोकांनी इतका राग केला, की खरा माणूस समोर उभा राहिला तरी त्यांच्या डोळ्यांपुढे पाटीलच असायचा. सोंग वठलं की असंच होतं.

अर्ल्स कोर्टची चौकी बीबीसी आणि पोलिसांच्या त्या भांडणाच्या वर्षीच, १९९६ मध्ये उभी राहिली, आणि ती पोलिसांची. ट्रेंच यांच्या जुन्या नमुन्यावर बांधलेली नवी, वर कॅमेरा, आत ठाण्याशी जोडलेला फोन. मालिका तेव्हा बंद होती. १९८९ मध्येच ती थांबवली होती आणि १९९६ चा एकुलता चित्रपट सोडला तर पडदा कोराच होता. चौकीचं नशीबही तेवढंच. २००० च्या एप्रिलमध्ये लंडनचे टेलिफोन नंबर बदलले आणि तिचा फोन मुका झाला. देखभालीचे पैसे संपले. रंग उडाला. मग २००५ च्या मार्चमध्ये पोलिसांनी पुन्हा पैसे घालून तिची डागडुजी सुरू केली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला नव्या रूपातली 'डॉक्टर हू' सुरू झाली. हा योगायोग की आणखी काही, याची चौकशी मी केली नाही. करावीशीही वाटली नाही. २०१३ मध्ये गूगलच्या नकाशात या चौकीवर टिचकी मारली की आतलं यानाचं दालन दिसायला लागलं. नकाशा काढणाऱ्यांनीच निकाल देऊन टाकला.

एडिंबरोतल्या चौक्या वेगळ्या. तिथले वास्तुविशारद एबनीझर मॅक्रे यांनी त्या बिडाच्या, छोट्या ग्रीक देवळासारख्या केल्या, टार्डिसशी त्यांचं काही साम्य नाही. त्यांतल्या कित्येकींत आता कॉफी मिळते. मी तिथे एका चौकीच्या खिडकीतून कप घेतला तेव्हा आतल्या मुलीला विचारलं, पर्यटक हिला टार्डिस म्हणतात का? ती म्हणाली, रोज. आतून मोठी आहे का? तिनं कोपर मशीनला लागू नये म्हणून अंग चोरून दूध ओतलं आणि म्हणाली, "नाही."

वैज्ञानिकांनीही या बहुरूप्याला आपल्यात घेतलं. १९८४ मध्ये ब्रायन स्किफ या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी शोधलेल्या ३३२५ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव टार्डिस आहे. स्फोट झालेल्या ताऱ्यांचा प्रकाश उलगडणाऱ्या एका संगणक प्रणालीचंही नाव तेच. २०१७ मध्ये बेन टिपेट आणि डेव्हिड त्सांग यांनी कालप्रवासाच्या गणिताचा एक निबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या बुडबुड्याच्या लांबलचक तांत्रिक नावाची आद्याक्षरं जुळवली की टार्डिस होतं. आधी नाव सुचलं असणार आणि मग गणित त्यात बसवलं असणार, अशी माझी शंका आहे. पण आमच्याकडेही बाळाच्या नावाचं आद्याक्षर आधी पत्रिकेत ठरतं, तेव्हा हसायला मला जागा नाही.

एक मात्र मला राहून राहून गमतीचं वाटतं. हे यान ज्यासाठी चौकी झालं ते कुणाच्या नजरेत न येण्यासाठी. आज डॉक्टर ते लंडनच्या कुठल्याही फुटपाथवर उतरवू देत, दोन मिनिटांत तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग लागेल. लपण्यासाठी घेतलेलं सोंगच जगात सर्वांत ओळखीचं झालं. आणि ज्याच्या वेशात लपायचं होतं तो हवालदार इतका विसरला गेला, की त्याची संग्रहालयातली अस्सल चौकीही पोरांना नक्कल वाटते.

मी ते घर दोन वर्षांनी सोडलं. सामान भरताना पलंगाखालून तीन सूटकेसा, एक कुकर, पोळपाट, दोन रजया आणि आजींनी दिलेला टार्डिसच्या आकाराचा बिस्किटांचा डबा निघाला. हे सगळं तिथे मावलं होतं, हे मला तोपर्यंत जाणवलंच नव्हतं. त्या एजंटाला उशिरा का होईना, अर्धे मार्क द्यायला हवेत. डबा आता माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात चकल्या ठेवते. जेमतेम अर्धा किलो मावतात.

लंडनला गेलात तर अर्ल्स कोर्टला मुख्य रस्त्याच्या बाजूनं बाहेर पडा आणि त्या निळ्याला जरूर भेटा. दार ढकलू नका, त्याला कुलूप असतं. आणि 'ओढा' लिहिलंय ते टेलिफोनच्या झडपेसाठी आहे.